जुना चेन डोझर: पहिले शंभर तास

मशीन ट्रेलरवरून उतरलं की हात शिवशिवतात. सेल्फ मारावा, धूर बघावा, ब्लेड उचलून एक खेप तरी करावी असं वाटतं. मीही पहिलं मशीन घेतलं तेव्हा तेच करायला निघालो होतो. ज्यांच्या हाताखाली हेल्पर म्हणून शिकलो त्या उस्तादांनी माझ्याकडून चावी काढून घेतली, हातात पाना दिला आणि सांगितलं, रात्रभर उभं राहू दे, उद्या सकाळी गाडीखाली जा.

रात्रभर उभं ठेवायला कारण आहे. पाणी तेलापेक्षा जड असतं, त्यामुळे मशीन बारा तास हललं नाही की ते तळाला जाऊन बसतं. सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, प्रत्येक ड्रेन प्लग दोन-तीन आटे ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही, आणि आधी काय झिरपतं ते बघायचं. इंजिनचा चेंबर (खालचं तेलाचं भांडं), ट्रान्समिशन, दोन्ही बाजूंचे फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारे शेवटचे गिअर), हायड्रॉलिक टाकी, डिझेल टाकी. तेल आलं की लगेच प्लग आवळायचा. माझ्या मशीनच्या डाव्या फायनल ड्राइव्हमधून आधी पेलाभर पाणी निघालं, मग तेल. इंजिनाला काही झालेलं नव्हतं, बॉडीचा रंग चकाचक होता, आणि आत बेअरिंग पाण्यात बसलेले. तसंच चालवलं असतं तर तेल-पाणी घुसळून दुधासारखं झालं असतं आणि फायनल ड्राइव्ह गेला असता. सील बदललं, तेल बदललं, आणि तो ड्राइव्ह आजही माझ्याकडे आहे.

इंजिनच्या चेंबरमधून पाणी आलं तर मात्र सुरू करायचा विचारच सोडा. हेड गॅस्केट, लायनरचं सील किंवा ऑइल कूलर, यांतलं काहीतरी फुटलंय. ते शोधल्याशिवाय इंजिन फिरवलं तर क्रँकचे बेअरिंग जातात.

प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघा. राखाडी, मऊ, मलमासारखा लगदा ही साधी झीज आहे, त्याची चिंता नको. नखाला टोचणारा कपचा, खवल्यासारखा तुकडा किंवा दाताचा कोपरा सापडला तर तो पुसून टाकू नका. कागदात गुंडाळा, कुठल्या प्लगला मिळाला ते वर लिहा आणि मिस्त्रीला दाखवा. त्या तुकड्यावरून तो गिअर की बेअरिंग ते ओळखतो.

यानंतर सायलेन्सरच्या नळीकडे बघा. वर झाकण नसेल आणि मशीन पावसात उभं राहिलेलं असेल तर पाणी नळीतून उघड्या व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बरेच दिवस बंद असलेलं इंजिन आधी पहारीने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवायचं. कुठे अडलं तर जोर लावू नका. इंजेक्टर काढून पाणी बाहेर येऊ द्या. नळीत आणि एअर क्लीनरमध्ये पक्ष्यांची, उंदरांची घरटीही निघतात.

तिसरं काम कुणालाच आवडत नाही, पण ते सोडू नका. पोटाखालचे पत्रे उघडा. जुन्या मशीनच्या बेली प्लेटवर वर्षानुवर्षांचा पाला, काटक्या, माती आणि त्यात मुरलेलं डिझेल-तेल यांचा थर असतो. वर तापलेला एक्झॉस्ट, शेजारी खरचटलेल्या वायरी. चेन मशीनला आग लागते ती बऱ्याचदा इथूनच. पत्रा जड असतो आणि वर मातीचं ओझं असतं, त्यामुळे खाली जॅक लावूनच बोल्ट काढा. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा चार घमेली घाण निघाली, आणि त्याच घाणीत हरवलेले दोन बोल्ट, एक पाना आणि गळतीचा उगम सापडला. पोट साफ असलं की पुढची प्रत्येक गळती दुसऱ्या दिवशी दिसते.

आता नंबर प्लेट. सीरियल नंबर शोधा, वायरब्रशने साफ करा आणि वहीत उतरवा. मॉडेलचं नाव पुरेसं नसतं. कॅटरपिलरच्या जुन्या डी४ मध्ये सहा-यू आणि सात-यू असे दोन सीरियल आहेत. पहिल्याच्या दोन चेनींमधलं अंतर ४४ इंच, दुसऱ्याचं ६० इंच. नाव एकच, पण सुटे भाग सगळे जुळतीलच असं नाही. त्याच सीरियलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट बुक मिळवा. जुन्या मशीनसाठी केलेली ही माझी सर्वांत चांगली खरेदी होती. तेलाचा ग्रेड, बोल्ट किती आवळायचा, चेनचा झोल किती, हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. मी खाली जे आकडे देतो ते अंदाजासाठी आहेत. तुमच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक खरं.

सुरू करताना

ब्लेड जमिनीवर, ट्रान्समिशन न्यूट्रलला, सेफ्टी लॉक लावलेला, ब्रेक दाबून अडकवलेला. तेल, पाणी, डिझेल बघून झालेलं. डिझेल फिल्टरखालचा आणि टाकीखालचा नळ रोज सकाळी उघडून पाणी-गाळ सोडायचा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवली तर आत रिकामी जागा राहत नाही आणि रात्रीच्या गारव्यात पाणी कमी साचतं. मी वीस वर्षं टाकी रात्रीच भरतोय.

एअर क्लीनर ऑइल बाथचा, म्हणजे हवा तेलातून गाळणारा असेल तर खालची वाटी रोज, म्हणजे दर दहा तासांनी काढून बघा. तळाशी अर्धा इंच गाळ बसला की धुऊन नवं तेल भरा, आणि ते खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं आणि त्यावरच बेफाम पळतं, मग डिझेल बंद करूनही थांबत नाही.

तुमच्या मशीनला पोनी मोटर असेल, म्हणजे डिझेल इंजिन फिरवणारं छोटं पेट्रोल इंजिन, तर तिला वेगळं इंजिन समजूनच सांभाळा. तिचं तेल वेगळं, तिची काळजी वेगळी. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटर कोरडा होऊन ती आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. कॉक उघडा राहिला तर पेट्रोल झिरपून तिच्या तेलात उतरतं.

इंजिन लागलं की सर्वांत आधी तेलाच्या दाबाचा काटा. काही सेकंदांत वर आला नाही तर बंद करा, कारण शोधा. नंतर पाच मिनिटं हलकी रेस. थंड इंजिनावर ओझं टाकू नका, आणि तासन्‌तास नुसतं रिकामं चालूही ठेवू नका. अर्धवट गरम इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, नळी काळी ओली होते. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो, गरम होतं म्हणून. तो परत बसवा आणि रेडिएटरच्या जाळीतला भुसा काढा. गरम होण्याचं खरं कारण तिथे असतं.

मालकाचा पैसा खाली असतो

चेन, तिच्यावरून फिरणारे रोलर, पुढचं मोकळं चाक म्हणजे आयडलर, मागचं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट. डोझरच्या दुरुस्तीचा जवळपास निम्मा खर्च या खालच्या भागावर होतो, म्हणून माझं निम्मं लक्षही तिथेच असतं. इंजिन वाजतं, धूर सोडतं, त्यामुळे ते सगळ्यांना कळतं. चेन मात्र गपचूप झिजते.

आधी ताण बघायला शिका. नेहमीच्या कामाच्या जमिनीवर मशीन पुढे न्या आणि ब्रेक न दाबता आपोआप थांबू द्या, म्हणजे ढिलाई सगळी वर येते. आता वरचा कॅरिअर रोलर आणि पुढचा आयडलर यांच्यावर सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी ठेवा आणि मधे चेन किती खाली लोंबते ते मोजा. मध्यम आकाराच्या बहुतेक जुन्या मशीनवर दीड ते दोन इंच झोल ठीक असतो. चिखलात काम असेल तर चिखल न काढता मोजा आणि त्या स्थितीतच ताण ठरवा. स्प्रॉकेटच्या दातांत चिखल भरला की चेन आपोआप ताणली जाते. स्वच्छ चेनवर बरोबर बसवलेला ताण चिखलात तारेसारखा होतो.

नवा मालक चेन हटकून जास्त घट्ट करतो. ढिली चेन दिसायला वाईट, आवाज करते, उतरेल अशी भीती वाटते. पण घट्ट चेनमध्ये कड्या जोडणारी पिन, तिच्यावरची नळी म्हणजे बुश आणि स्प्रॉकेट प्रत्येक फेऱ्यात एकमेकांना दळत असतात, आयडलरचे बेअरिंग दाबाखाली राहतात, आणि इंजिनची ताकद माती ढकलण्याऐवजी चेन ओढण्यात जाते. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. चेन बाराही महिने ताठ ठेवली आणि पुढच्या तपासणीत स्प्रॉकेटचे दात सुरीसारखे झालेले निघाले.

ग्रीसवर चालणारा अॅडजस्टर असेल तर ताण वाढवायला ग्रीस गन लावायची, कमी करायला रिलीफ व्हॉल्व्ह ढिला करायचा. इथे जिवाशी गाठ आहे. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह एकच फेरा फिरवा, त्याहून जास्त नाही, आणि तोंड, हात, पोट त्याच्या समोर आणू नका. दाबाखालचं ग्रीस कातडीत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. हायड्रॉलिक होजच्या बारीक भोकातून उडणाऱ्या तेलाचंही तसंच. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. असं काही टोचलं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा आणि काय घुसलंय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

झीज मोजायची पद्धत सोपी आहे. स्प्रॉकेटच्या दातात जाड पिन अडकवून मशीन हळूच मागे घ्या, चेन ताणली जाईल. इंजिन बंद करा. एका पिनच्या कडेपासून पुढे चौथ्या कडीच्या शेवटच्या पिनच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत पोलादी टेपने मोजा. मास्टर पिन, म्हणजे चेन उघडायची पिन, मधे येऊ देऊ नका. आलेली लांबी नव्या चेनच्या लांबीशी ताडून बघितली की पिन-बुश आतून किती खाल्लेत ते कळतं. बुश एकाच बाजूने जास्त झिजतो, म्हणून वेळेवर चेन काढून पिन आणि बुश अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवले तर न झिजलेली बाजू कामाला येते आणि चेनला दुसरं आयुष्य मिळतं. वेळ चुकली आणि बुशला तडा गेला की फिरवण्यात अर्थ उरत नाही. हे काम मोठ्या प्रेसवर होतं, घणाने करायला जाऊ नका.

काम संपल्यावर खाली एक चक्कर मारा. रोलरच्या टोकाला ओलं तेल दिसतंय का, एखादा रोलर बाकीच्यांपेक्षा तापलाय का, शूचा, म्हणजे चेनवरच्या पट्टीचा, बोल्ट ढिला होऊन चकाकतोय का. चेन सीलबंद, आत तेल असलेली असेल तर सांधे हाताने चाचपा, पण आधी तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन उष्णता बघा. शेजारच्यांपेक्षा गरम सांधा म्हणजे आतलं तेल गेलंय. जुन्या कोरड्या चेनला ही परीक्षा लागू नाही. ती कोरडीच चालते, आणि तिच्या पिनांना बाहेरून ग्रीस किंवा तेल लावू नका, धूळ चिकटून तो कानसाचा लगदा होतो.

चिखल रोज संध्याकाळी, ओला असतानाच काढा. फावडं आणि पहार पुरते. वाळला की सिमेंट होतो, रोलर अडकतो, आणि न फिरणाऱ्या रोलरवरून चेन घासत गेली की त्याला सपाट डाग पडतो. तो रोलर मग फेकण्याच्याच लायकीचा. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात तर हाच चिखल रात्रीत गोठून चेन जमिनीला धरते. तिथे मशीन फळ्यांवर उभं करतात.

आणखी एक, चालवण्याशी जोडलेलं. उलटं पळवणं चेनला सर्वांत महाग पडतं, वेगात तर फारच. खेप टाकून मागे येताना वरच्या गिअरमध्ये सुसाट येण्याचा मोह होतो. मी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.

लिव्हर आणि ब्रेक

जुन्या मशीनला दोन स्टीअरिंग लिव्हर असतात. डावा ओढला की त्या बाजूचा क्लच सुटतो, डाव्या चेनची ताकद तुटते, उजवी ढकलत राहते, मशीन डावीकडे वळतं. क्लच कोरडे असतील आणि कुठूनतरी तेल आत झिरपत असेल तर क्लच घसरतो. क्लचच्या खोक्याच्या तळाचा प्लग उघडून तेल निथळू द्या, पण सील बदलल्याशिवाय ते थांबणार नाही. उलट, बरीच वर्षं उभ्या मशीनचे क्लच गंजून चिकटलेले असतात, लिव्हर ओढला तरी मशीन सरळच जातं. विकत घेण्याआधी मोकळ्या सपाट जागेवर दोन्ही बाजूंना वळवून बघा.

आता उतार. हे नीट वाचा, कारण मी तरुण असताना यातून थोडक्यात वाचलो. रिकामं मशीन घेऊन तीव्र उतारावरून येत होतो, डावीकडे वळायला डावा लिव्हर ओढला आणि मशीन उजवीकडे, खड्ड्याच्या बाजूला वळलं. घाबरून आणखी ओढला, ते आणखी उजवीकडे. ब्रेक सापडला तेव्हा ब्लेड खड्ड्यावर आलेलं होतं. कारण असं की उतारावर इंजिन मशीनला ढकलत नसतं, धरून ठेवत असतं. डाव्या चेनला इंजिनपासून सोडलं की ती मोकळी होऊन जोरात फिरते, उजवी अडलेली राहते. म्हणून उतारावर लिव्हर ओढला की त्याच बाजूचा ब्रेक लगेच लागलाच पाहिजे. पेडल वेगळं असेल तर पाय आधीपासून त्यावर हवा. लिव्हरमध्येच ब्रेक जोडलेला असेल तर अर्धवट ओढून थांबू नका, पूर्ण ओढा. जाणते ऑपरेटर उतारावर विरुद्ध लिव्हर हलकेच ओढूनही वळवतात, पण पहिल्या शंभर तासांत ते करू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नाही, ब्लेड जमिनीपासून जेमतेम वर. आणि तीव्र उतारावर जायच्या आधी हे सगळं छोट्या, मोकळ्या उतारावर करून बघा.

पायाखालचं पेडलही फसवतं. बऱ्याच डोझरमध्ये रेस हाताच्या लिव्हरने लावलेली असते आणि पेडल दाबलं की वेग कमी होतो. मोटारीच्या सवयीने घाबरून पाय उचलला तर मशीन पुढे झेपावतं.

माती लोटणं

शिकाऊ माणसाने केलेली जमीन लाटांसारखी होते. ब्लेड थोडं वर गेलं, मागे उंचवटा राहिला. चेन त्या उंचवट्यावर चढली, नाक वर झालं, ब्लेड आणखी उचललं गेलं. पुढे नाक खाली, ब्लेड खोल. प्रत्येक खेपेला लाट मोठी होत जाते. यावर उपाय घाईघाईने लिव्हर हलवण्यात नाही. पहिला गिअर घ्या, ब्लेडसमोर माती भरून घ्या, भरलेलं ब्लेड रिकाम्यापेक्षा स्थिर चालतं, आणि ती माती खोलगटांत सोडत जा. लाटांना सरळ न जाता तिरकं जा. लिव्हरला हलके, छोटे टोले द्या. नजर ब्लेडच्या धारेवर खिळवू नका, बुडाला काय जाणवतं तिकडे लक्ष द्या. सीट वर उचलली जाऊ लागली की ब्लेड तेवढंच खाली, चेन चढायच्या आधी. मला हे जमायला एक हंगाम लागला, पण एका दुपारी अचानक हाताला कळलं आणि त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो.

इंजिन दबायला लागलं तर ब्लेड बोटभर उचला. चेन जागच्या जागी फिरू देऊ नका. त्यात माती हलत नाही, फक्त शू झिजतात. शक्य असेल तिथे उताराच्या दिशेने कापा. लांब लोटायचं असेल तर एकाच चरातून खेपा करा, दोन्ही बाजूंना मातीचे बांध उभे राहतात आणि ब्लेडच्या कडेने माती सांडत नाही. चराची सुरुवात माती टाकायच्या जागेजवळून करा आणि मागे मागे सरका. शंभर मीटरच्या पुढे माती न्यायची असेल तर ते डोझरचं काम नाही, ट्रक लावा.

भरावाच्या कडेवर माती टाकताना ब्लेड कडेपलीकडे कधी नेऊ नका. शेवटचा ढीग कडेवरच सोडा आणि पुढच्या खेपेच्या मातीने तो ढकला. कड ताजी असते, आतून पोकळ असते, आणि वरून कळत नाही. उलटल्यावर वाचवणारी केबिन किंवा दांडे नसतील तर ते बसवल्याशिवाय उतारावर आणि कडेला काम करू नका, आणि असतील तर पट्टा बांधा.

ब्लेडखाली काम असेल, धार बदलणं असो की होज, तर ब्लेड जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं हवं. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या ब्लेडखाली हातसुद्धा घालू नका.

दिवस संपला की सपाट जागा बघा. टर्बो असेल तर पाच मिनिटं हलकी रेस, मग बंद. ब्लेड आणि रिपर (मागचा जमीन फोडणारा दात) जमिनीवर, ब्रेक लावलेला, बॅटरीचा मेन स्विच काढलेला. चिखल काढा, डिझेल भरा, सायलेन्सरवर डबा उलटा घाला. मग वही. तास, कुठे किती तेल घातलं, कुठल्या रोलरला ओल दिसली. जुन्या तासमीटरवर मी विसंबत नाही, घड्याळ बघून लिहितो. काल माझ्या वहीत एवढंच आहे: सहा तास, इंजिनला अर्धा लिटर, उजवा तिसरा रोलर ओला, उद्या बघणे.